पंप मुका का झाला?

विद्यार्थी मित्रहो, या अंकासाठी आम्हांकडून भाषेवरील एखादा लेख अपेक्षित होता, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेर मुक्कामी एका मोटारीने आम्हांस असा काही धडा दिला, की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. कलाशाखेच्या पदवीधराने विजेच्या परिपथावर लिहावे हा आगाऊपणा आहे खरा. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सरांनी हे लिखाण डोळ्यांखालून घातले आहे. तेव्हा चूक आढळल्यास निम्मा दोष त्यांच्याकडे जावा.

आमची थोरली बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरास गेली, त्याला आता वीस वर्षे होतील. मडगावास गोवा एक्सप्रेसमध्ये बसले म्हणजे गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरास उतरता येते, म्हणून आमचे तिकडे जाणेयेणे राहिले आहे. तिचे सासर शहराच्या लष्कर भागात, शिंदे की छावनी या वस्तीत आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही; त्याचेच शहर झाले आणि शहरालाही 'लष्कर' हेच नाव पडले. 'छावनी' हे नावही त्याच जातीचे. आपली 'छावणी' हिंदीच्या सहवासात 'छावनी' झाली. पण एरवी हिंदीत 'सिंधिया' झालेले शिंदे या एका नावात मात्र शिंदेच राहिले आहेत. भाषाशिक्षकाला एवढे विषयांतर क्षम्य असावे.

शनिवारी सकाळी भाऊजींची मोटार सुरू होईना. चावी फिरवली की स्टार्टर जोमाने एंजिन फिरवी, दिवे लखलखीत लागत, भोंगा वाजे. पण एंजिन पेट घेईना. सोमवारी ताईच्या सासऱ्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्यांचा एक गुडघा वाकत नाही. रिक्षात चढणे म्हणजे त्यांना दिव्यच. सायंकाळी ओळखीचे एक मिस्त्री आले. त्यांनी मागची बैठक उचलली, टाकीवरील पंपाची जोडणी सोडवली, तारांच्या टोकांना मीटर लावला. मीटरने बारा व्होल्ट दाखविले. "बिजली आ रही है, पंप नहीं चल रहा. पंप गया," असा निकाल त्यांनी दिला. टाकीतील पंपाचा संपूर्ण संचच बदलावा लागेल, खर्च आठ-नऊ हजार, आणि रविवारी दुकाने बंद असल्यामुळे काम सोमवारी दुपारी होईल, असेही ते म्हणाले. मिस्त्री सचोटीचे गृहस्थ आहेत. त्यांनी कोणास फसविले नाही. त्यांचे अनुमान ऐकताना आम्हांसही निर्दोष वाटले. त्यातली खोच कळावयास रात्र उजाडावी लागली.

आजोबांना, म्हणजे ताईच्या सासऱ्यांना, हा निकाल मान्य नव्हता. ते ओसरीवरूनच म्हणाले, "पंपावर ओले फडके टाका, दहा मिनिटे थांबा." आमचा भाचा खरोखरच फडके भिजवून धावत गेला आणि एंजिनाचे झाकण उघडून पंप शोधू लागला. तेथे पंप नव्हताच!

आजोबांचे म्हणणे खोटे नव्हते. ते दुसऱ्या युगातले होते. मोटारीच्या आरंभकाळी तर पंप नसेच. फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या 'मॉडेल टी' गाडीत टाकी बैठकीखाली असे व पेट्रोल केवळ आपल्या वजनाने एंजिनाकडे उतरे. चढ फार उभा असला आणि टाकीत पेट्रोल कमी असले, तर टाकी एंजिनाहून खाली जाई व प्रवाह थांबे; मग लोक गाडी उलटी करून मागच्या मागे चढ चढत. पुढे पंप आले. आजोबांनी आयुष्यभर चालविलेल्या अँबॅसिडरमध्ये तो एंजिनाच्या अंगालाच बसविलेला असे. एंजिनातील दांड्यावरचा उंचवटा त्याची तरफ हलवी, आतला पडदा खालीवर होई आणि मागील टाकीतून पेट्रोल ओढले जाई. ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. एंजिनाच्या धगीने पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होई, आणि पडदा वाफच दाबीत बसे. ओले फडके टाकले की वाफ निवे, गाडी चालू होई.

कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनाला थोड्या दाबाचे पेट्रोल पुरत असे. २००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तसतसा पेट्रोलच्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला व इंधन फवारणारी एंजिने आली. फवाऱ्याला दाब हवा, तोही चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या आसपास. पडद्याच्या पंपाला हे झेपत नाही. म्हणून विजेवर चालणारा पंप थेट टाकीत, पेट्रोलमध्ये बुडवून बसविण्यात आला. तो पेट्रोल ओढीत नाही, पुढे ढकलतो. दाबाखाली असलेले पेट्रोल सहजी उकळत नाही. आणि भोवतालचे पेट्रोल त्याला थंडही ठेवते. पण फायद्याबरोबर एक नवी अडचण आली. पूर्वीचा पंप एंजिन फिरले की फिरे. आताच्या पंपाला बॅटरीपासून वीज आणून द्यावी लागते, आणि ती वाटेत कोठेही अडू शकते.

रात्री आम्ही विज्ञानाच्या सरांना दूरध्वनी केला. सारी हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "बारा व्होल्ट मोजले तेव्हा पंप जोडलेला होता की सुटा?" सुटा होता. "मग अजून काहीच कळलेले नाही," सर म्हणाले.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण या लेखाचा सारा जीव त्यात आहे. विजेला जाण्याची वाट लागते तशी परतण्याचीही लागते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात (तो १८७४ सालचा, त्याचा एक भाग आज संग्रहालय आहे) भोजनाच्या लांबलचक मेजावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून फिरे आणि पाहुण्यांपुढे मद्याच्या कुप्या व चिरूट नेई. तिला रुळांतूनच वीज मिळे. कुपी उचलली की गाडी थांबावी, परत ठेवली की चालू लागावी, अशी तिची करामत सांगतात. आम्ही दोनच दिवसांपूर्वी ती पाहून आलो होतो. परिपथ एका जागी तुटला की सारेच थांबते, हे भाच्याला तेथे पटले होते. मात्र मोटारीच्या परिपथात निम्मी वाट तारेची असते आणि निम्मी पत्र्याची. बॅटरीच्या धन टोकापासून तार निघते. ती फ्यूज व रिले यांतून पंपाकडे येते. पंपातून निघालेली दुसरी तार मात्र बॅटरीपर्यंत जात नाही. ती जवळच गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली असते, आणि पुढचा परतीचा प्रवास पत्र्यातून होतो. मिस्त्री लोक तिला 'अर्थ' म्हणतात. (आम्ही मराठीच्या तासाला शब्दांचा अर्थ विचारतो तो हा नव्हे, पण हाही नीट न लागला तर सारे वाक्य अडते!)

आता ही वाट पूर्ण तुटलेली नसून नुसती गंजलेली असेल तर? सुट्या तारांना मीटर लावला म्हणजे त्यातून जाणारा प्रवाह जवळजवळ शून्य असतो, कारण मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असतो. एवढा क्षीण प्रवाह गंजातूनही बिनबोभाट पार होतो व मीटर पुरते बारा व्होल्ट दाखवितो. पंप जोडला की त्याला चार-पाच अँपिअर हवे असतात, आणि गंज तेव्हा आपले खरे रूप दाखवितो. वर्गात "समजले का?" असे विचारले असता सारा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, एकेकाला फळ्यापाशी बोलावून उदाहरण सोडवावयास सांगितले म्हणजे खरे काय ते कळते. मिस्त्रींनी तारेला "समजले का?" एवढेच विचारले होते.

रविवारी सकाळी आम्ही, भाऊजी आणि दहावीत गेलेला भाचा असे तिघे कामास लागलो. आरंभी सावधगिरीविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती उडून न जाता खाली साचते. शून्याखाली चाळीस अंशांच्या सुमारासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ देते. म्हणून गाडी उघड्यावर ढकलून आणली, चारही दारे उघडी टाकली, ताईने ओसरीवरील उदबत्ती विझविली, वाळूची बादली जवळ ठेवली. कारण पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले तर ती तरंगत पसरते. टाकीचे झाकण व इंधनाची नळी यांना हात लावावयाचा नाही. आतील पेट्रोल दाबाखाली असते. पेट्रोलचा दर्प आला तर काम तेथेच थांबवावयाचे. प्रत्येक तार चावी बंद असतानाच जोडावयाची वा सोडावयाची, म्हणजे ठिणगी पडत नाही. आणि मुलांनो, हे काम मोठे माणूस जवळ असल्याखेरीज मुळीच करू नका.

आमची ताई वीस वर्षे ग्वाल्हेरात राहूनही आम्हांशी कोंकणीतच बोलते. ती म्हणाली, "पयलीं आयक, मागीर पळय." आधी ऐक, मग पाहा. याहून चांगली सूचना एखाद्या तंत्रज्ञालाही देता आली नसती. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली, स्टार्टर न लावता, की मागच्या बैठकीखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यावयास हवी. पंप नळीत दाब भरून घेतो व थांबतो. एंजिन फिरू लागले तरच नियंत्रक त्याला पुन्हा चालवितो. अपघातात एंजिन बंद पडल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही योजना आहे. भाऊजींनी चावी फिरवली. आम्ही बैठकीला कान लावला. गुणगुण नव्हती. पुढच्या बाजूस मात्र 'टिक्' असा आवाज झाला. तो रिलेचा.

रिले म्हणजे विजेने चालणारा दरवान. चावी व नियंत्रक यांच्याकडून येणारा अगदी लहान प्रवाह त्याच्या वेटोळ्यातून जातो, वेटोळे चुंबक बनते, आणि तो चुंबक मोठ्या प्रवाहाचे दार ओढून लावतो. त्याच्या पायांवर बहुधा ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात : ८५ व ८६ वेटोळ्याचे, ३० व ८७ मोठ्या प्रवाहाचे. 'टिक्' आले म्हणजे दरवान जागा आहे. त्याचे दार नीट लागते की नाही, हे त्यावरून कळत नाही. भोंग्याचा रिले त्याच आकाराचा व त्याच आकड्यांचा होता, म्हणून दोघांची अदलाबदल केली. भोंगा वाजला, पंप तसाच मुका. म्हणजे रिले निर्दोष. फ्यूज त्याआधीच पाहिला होता. त्याची पट्टी अखंड होती. (फ्यूज जळालेला आढळला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तार गुंडाळून भागविणारे शूरवीर आम्ही पाहिले आहेत. टाकीपर्यंत जाणाऱ्या तारेवर हे शौर्य नको.)

आता मुख्य परीक्षा. गाडीच्या बाजूदर्शक दिव्याचा २१ वॅटचा जुना बल्ब भाच्याने शोधून काढला व त्याला दोन तारा जोडल्या. बारा व्होल्टवर हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. २१ ला १२ ने भागून पाहा. पंपाच्या जोडणीत चार तारा होत्या. बारीक दोन टाकीतील पेट्रोल दाखविणाऱ्या काट्याच्या, जाड दोन पंपाच्या. जाड तारांच्या मध्ये बल्ब लावला, भाऊजींनी चावी फिरवली, आणि त्या दोन सेकंदांत बल्ब उदबत्तीच्या टोकासारखा तांबूस दिसून विझला. "मावशी, करंट तर येत आहे ना!" भाचा म्हणाला. येत होता, पण अशक्त. मग चावी बंद करून बल्बचे एक टोक धन तारेवरच ठेवले आणि दुसरे अर्थच्या तारेऐवजी खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्याच्या कडेला लावले. पुन्हा चावी. बल्ब लख्ख पेटला!

येण्याची वाट ठीक होती; अडथळा परतीच्या वाटेवर होता. तरीही खात्री करून घेण्यासाठी पंपाची जोडणी पूर्ववत जोडली, आणि तिच्या पाठीमागून टाचण्या सरकवून, त्या एकमेकींना लागणार नाहीत अशा बेताने, पंप जोडलेल्या स्थितीतच मीटरने मोजणी केली. दर वेळी दोनच सेकंद मिळत. भाऊजींनी दहा-बारा वेळा चावी फिरवली असेल. पंपाच्या दोन टोकांमध्ये ४.९ व्होल्ट. पंपाची अर्थची तार व गाडीचा पत्रा यांमध्ये ७.२ व्होल्ट! निरोगी जोडात येथे दोन दशांशांहून अधिक काही मिळू नये. धन बाजूच्या साऱ्या वाटेत मिळून ०.३. भाच्याने वहीच्या मागल्या पानावर बेरीज केली : ४.९ + ७.२ + ०.३ = १२.४. बॅटरीचाही आकडा १२.४ होता. किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडलेला नियम हाच : परिपथात जेवढा दाब पुरविला, तेवढाच वाटेत ठिकठिकाणी वाटला जातो. बारापैकी सात व्होल्ट एक बोल्ट खाऊन टाकीत होता.

दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे ओहमच्या नियमाने पडताळून पाहावे. ५ अँपिअर घेणाऱ्या पंपाचा रोध ढोबळमानाने १२ भागिले ५, म्हणजे २.४ ओहम. त्याच्या वाटेत ३ ओहमचा गंज आला तर एकूण ५.४ ओहम, आणि प्रवाह सव्वादोन अँपिअरही नाही. पंपाच्या वाट्याला साडेपाच व्होल्टदेखील येत नाहीत. उरलेले गंज घेतो. अडून राहिलेल्या मोटरचा रोध फिरत्या मोटरहून कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तिला याहूनही कमी मिळते.

तो बोल्ट शोधण्यात मात्र एक तास गेला. अर्थची तार मागच्या दाराच्या उंबऱ्याजवळ सतरंजीखाली शिरत होती. सतरंजी उचलली तो खालचा नमदा ओलसर, आणि बोल्टाभोवती तांबूस-हिरवे पापुद्रे. इतके पाणी तेथे आले कोठून? भाचा गप्प झाला. शाळेतून येताना त्याची पाण्याची बाटली मागच्या बैठकीवर आडवी पडे, आणि तिचे झाकण गेली दोन वर्षे नीट लागत नव्हते. ताईने त्याच्याकडे एकवार पाहिले, एवढेच.

बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवले. मग बोल्ट काढला, तारेचे कडे व पत्रा दोन्ही पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट घट्ट कसला, वरून व्हॅसलीन चोपडले. नमदा उन्हात वाळत घातला; ग्वाल्हेरच्या उन्हाला त्यासाठी अर्धा तास पुरला. बॅटरी जोडून भाऊजींनी चावी पहिल्या टप्प्यावर आणली. गुणगुण ऐकू आली. अर्थच्या जोडावर आता मीटर ०.०८ दाखवीत होता. दुसऱ्यांदा चावी फिरवताच एंजिन सुरू झाले.

बल्ब दोन्ही तारांवर लख्ख पेटला असता आणि तरीही पंप हलला नसता, तर तो खरोखरच गेला असे समजून आम्ही मिस्त्रींनाच बोलावले असते. टाकी उघडणे हे घरी करण्याचे काम नव्हे. आणि बल्ब मुळीच पेटला नसता, तर पुन्हा रिलेकडून एकेक जोड तपासत यावे लागले असते. काही गाड्यांत चोरीला आळा घालणारी यंत्रणा चावी ओळखत नाही व पंपाला परवानगीच देत नाही. तेथे दिवा न लागणे हे तारेचे दुखणे नसते.

सोमवारी आजोबा स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात गेले व शस्त्रक्रिया चांगली झाली. सायंकाळी मिस्त्री आले, तेव्हा भाऊजींनी त्यांना गंजलेला बोल्ट दाखविला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, भाच्याच्या हातून बल्ब घेतला, आणि तो कोठे कोठे लावला ते सारे पुन्हा करून दाखवावयास सांगितले. जाताना त्यांनी एक बजावले : अपुऱ्या दाबावर पंपाने पुष्कळ दिवस कष्ट काढले असतील, तेव्हा टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका, पेट्रोल कमी झाले की पंप तापतो. चार दिवसांनी ते रस्त्यात भेटले, तेव्हा त्यांच्या खिशातून चिमटे लावलेल्या दोन तारा व एक बल्ब डोकावत होता.

आजोबांचा डोळा आता उत्तम आहे. मात्र उन्हाळ्यात लांबच्या प्रवासास निघताना गाडीत एक ओले फडके ठेवावयास ते अद्याप लावतात, असे ताईने परवाच कळविले आहे.